मालकाची ट्यूब शेवटी

११ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

लॅबला रिएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं, पुरवणाऱ्या कंपनीची डायरी. दर वर्षी येते, दर वर्षी कपाटात जाते. यंदा लिहायची. कोणाला दाखवायला नाही. स्वतःला शिस्त लागावी म्हणून.

कारण धाकटा भाऊ. काल किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मिळून नऊ टक्के काम चाललंय. सोमवारपासून डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. कायमचा उपाय एकच. घरातल्या कोणीतरी एक किडनी द्यायची. त्याच्या बायकोला रडू आवरेना, तिचा ब्लड ग्रुप जुळत नाही. मी तिथल्या तिथे टेबलावर हात ठेवून सांगितलं, मी देतो. डॉक्टर म्हणाले, आधी तपासण्या करू. मी म्हटलं, साहेब, तपासण्या हाच माझा धंदा आहे.

वडील गेले तेव्हा धाकटा सहा वर्षांचा, मी पंधराचा. एका लॅबमध्ये काचेच्या नळ्या धुवायला लागलो, त्यावर त्याची शाळा झाली. आज तो शाळेत भूगोल शिकवतो आणि माझी स्वतःची तीन खोल्यांची लॅब आहे. पुस्तकं, बूट, चष्मा, लग्नाचा कोट, सगळं त्याला माझ्या हातून गेलं. किडनी तेवढी राहिली होती.

१२ फेब्रुवारी

संकल्प. रोज पाऊण तास चालणे. चहा बिनसाखरेचा. बिस्किटं बंद. वजन चार किलो खाली.

किडनी देणाऱ्याला मधुमेह असून चालत नाही. बाकी बीपी वगैरे बघतात, पण ही अट कडक. माझ्या बाबतीत तो प्रश्न नाही. शेवटची शुगर कधी मोजली तेही आठवत नाही. गरज पडली नाही.

संध्याकाळी: चालायला बूट लागतील. जुन्या चपलांवर सुरू केलं तर गुडघे जातील, मग ऑपरेशन लांबेल. बूट आल्यावर.

२० फेब्रुवारी

मधली बहीण आली. आठ तास बसने, एक बॅग आणि शिवणाची पिशवी घेऊन. शिवणाचे वर्ग घेते, ते महिनाभर बंद ठेवून आली. दारातच म्हणाली, कुठे सही करायची ते सांगा, मी पण देणार. मी म्हटलं, रांग आहे, आणि रांगेत मी पुढे आहे. ती म्हणाली, तुझी रांग मला माहीत आहे दादा. लहानपणी माझी सायकल तू मला न विचारता धाकट्याला देऊन टाकली होतीस. दानशूर तू आणि सायकल माझी.

सगळे हसले. धाकटाही. हसताना धाप लागते त्याला.

२६ फेब्रुवारी

जुळवणीचा रिपोर्ट आला. दोघांचंही जुळतं, माझं आणि मधलीचं. डॉक्टरांचं म्हणणं, बहीण वयाने लहान, तिची पुढची तपासणी आधी करू. मी म्हटलं, मी जिवंत असताना तिला कापायचं कारण काय. डॉक्टर म्हणाले, कारण वय. मी म्हटलं, साहेब, चोपन्न हे काय वय आहे. ते म्हणाले, ठीक आहे, मग तुमची पूर्ण तपासणी लवकर करून घ्या.

 बाहेर आल्यावर धाकटा माझा हात धरून चालला. सहा वर्षांचा असताना धरायचा तसा. आता मागे हटायचा प्रश्नच नाही.

२८ फेब्रुवारी, दुपारी

सॅम्पलवाल्याला झापला. दूरच्या दोन दवाखान्यांतून तो स्कूटरवर रक्त आणतो. आज पेटीत बर्फ नाही, शुगरचं सॅम्पल लाल टोपीच्या साध्या ट्यूबमध्ये, आणि वर साडेतीन तास उशीर. मेहुण्याच्या घराला रंग चालला होता म्हणे. त्याच्यासमोर ट्यूब फेकून दिली. म्हटलं, बाबा रे, रक्त अंगातून काढलं म्हणून मरत नाही. पेशी जिवंत असतात, त्यांना भूक असते, त्या बसल्या बसल्या साखर खातात. तासाला पाच-सात टक्के. राखाडी टोपीच्या ट्यूबमध्ये औषध असतं, ते त्यांचं खाणं थांबवतं. लाल ट्यूब साडेतीन तास ठेवलीस तर दोनशेवाला माणूस दीडशेचा दिसेल. खुशाल केक खाईल आणि वर्षभराने पाय दाखवायला येईल.

तो म्हणाला, चुकलं मालक, पण पेशंट खूश झाला असता.

मला हसू आलं, दाखवलं नाही. कंट्रोलबाईंनी तेवढी मान हलवली. कंट्रोलबाई म्हणजे आमच्या टेक्निशियन. रोज सकाळी आधी माहीत असलेल्या आकड्याचं कंट्रोल मशीनला लावतात, तो बरोबर आला तरच पेशंटच्या रक्ताला हात. अकरा वर्षांत एकही दिवस चुकवलेला नाही. त्यांचा मशीनवर विश्वास नाही, माझ्यावर तर नाहीच. अशी माणसं लॅबला लागतात.

२ मार्च

हॉस्पिटलात जाण्याआधी आपले आकडे आपल्याला माहीत असावेत. सकाळी सव्वासातला उपाशीपोटी बाईंनी माझं रक्त काढलं. त्यांनी राखाडी ट्यूब घेतली होती, मी लाल पुढे केली. राखाडी पेशंटसाठी. मालकाने स्टॉकवर हात का मारायचा. बाई म्हणाल्या, सर, शुगर आहे ही. मी म्हटलं, लगेच लावायचीच आहे ना.

पण गर्दी. बाईंनी पहिल्याच बॅचमध्ये माझी ट्यूब ठेवली, मी काढून खिडकीजवळच्या स्टँडमध्ये ठेवली. आधी पेशंट, मग मालक. या तत्त्वावर ही लॅब उभी आहे. माणसं काही संपेनात. शेवटी साडेबाराला लावली.

एकशे अठरा. जरा वर. काल मधलीने आग्रहाने केक खायला घातला, त्याचा परिणाम.

९ मार्च

रक्त काढलं ७.०५, मशीनला लावलं २.४०. आज पेशंटच पेशंट. आकडा एकशे तीन. आठवड्यात पंधराने खाली. व्यायामाचा परिणाम इतका लवकर दिसतो हे मी पेशंटना नेहमी सांगतो, आता स्वतःच्या अंगावर बघितलं.

(चालणे: दोनदा. एकदा फाटकापर्यंत.)

ही म्हणाली, जगाच्या रक्तातली साखर मोजता, स्वतःच्या कपातली कोण मोजणार. साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला आहे. मला स्टूल सापडतं हे तिला माहीत नाही.

१४ मार्च

आज मोठी टेस्ट. उपाशीपोटी एकदा रक्त, मग ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी पुन्हा. हीच टेस्ट खरी, इथे लबाडी चालत नाही.

ग्लुकोजचं पाणी भयंकर गोड. मळमळायला लागलं. अर्धा ग्लास बेसिनमध्ये गेला. उलटी झाली असती तर टेस्टच फुकट, त्यापेक्षा हे बरं. दोन्ही ट्यूब लालच, नाहीतर पहिली आणि दुसरी यांची तुलना होणार नाही. दोन्ही एकदमच लावायच्या म्हणून थांबलो. तीन वाजले.

अठ्ठ्याण्णव आणि एकशे सव्वीस. फर्स्ट क्लास.

रिपोर्ट लेटरहेडवर काढला. खाली सही कंट्रोलबाईंची लागते. त्या म्हणाल्या, सर, यावर तुम्हीच सही करा. का ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मुरलेल्या माणसांचे असे मूड असतात. मीच केली.

१६ मार्च

रिपोर्ट धाकट्याला दाखवायला डायलिसिसच्या खोलीत गेलो. दहा खुर्च्या, दहा मशीन, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे आणि टीव्ही बंद. त्याने दोनदा वाचला. म्हणाला, दादा, चोपन्नाव्या वर्षी अठ्ठ्याण्णव. मी म्हटलं, आपलं हाड वेगळं आहे. शेजारच्या खुर्चीवरचा टॅक्सीवाला म्हणाला, नशीबवान आहात सर, माझा भाऊ फोन उचलत नाही.

धाकट्याला दिवसाला पाच कप पाणी, त्यातच चहा आणि औषधं. म्हणतो, वर्गात नद्यांचा धडा चालू आहे, मुलं पाठ करतात आणि मला तहान लागते.

तहान मलाही फार लागते हल्ली. हवा कोरडी आहे.

१९ मार्च

हॉस्पिटलात फाइलवाली आहे. किडनी देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या फायली तिच्याकडे असतात, ती परवानगी देईल तेव्हा डॉक्टर भेटतात. तिच्यासमोर रिपोर्ट ठेवला. तिने वर बघितलं, खाली बघितलं, म्हणाली, ही तर तुमचीच लॅब. मी म्हटलं, म्हणूनच खात्रीची. ती म्हणाली, आमच्याकडे आमच्याच लॅबचं चालतं. रक्त इथे द्यायचं, आत्ता देता का.

अपमान. एकोणचाळीस वर्षं या धंद्यात आहे. हिचा जन्म झाला नसेल तेव्हा मी नुसत्या डोळ्याने रंग बघून शुगर सांगत होतो. म्हटलं, आत्ता नाही, नाश्ता झालाय. (झाला नव्हता. तत्त्वाचा प्रश्न होता.)

पुढची तारीख १० एप्रिल. हरकत नाही. डायलिसिस चालू आहेच, धाकटा स्थिर आहे.

२२ मार्च

मधलीला परत पाठवलं. तिचे वर्ग बंद, बाया दुसरीकडे जायला लागल्या. मी म्हटलं, तुझी इथे गरज नाही, ऑपरेशनला ये, सूप घेऊन. तिला माझा रिपोर्ट दाखवला. ती म्हणाली, माझी तपासणी होऊन जाऊ दे ना, फाइल तयार असलेली बरी. मी म्हटलं, माझ्यावर भरवसा नाही का. त्यावर ती गप्प बसली. माझ्या या वाक्यावर घरात सगळेच गप्प बसतात.

बस सुटताना खिडकीतून म्हणाली, दादा, बारीक झालायस तू. बरा आहेस ना खरंच.

सहा किलो उतरलं. संकल्प चारचा होता. पँटला नवीन भोक पाडून घेतलं. लोक यासाठी जिमला जातात.

१० एप्रिल

हॉस्पिटलला गेलो नाही. सर्दी. सर्दीत शुगर उगाच वर दाखवते, खोटा आकडा कायमचा फायलीत बसला असता. फाइलवालीला फोन केला. तिने एकही प्रश्न न विचारता ६ मे दिली. बाई वाईट नाही.

१७ एप्रिल

चष्म्याचा नंबर पुन्हा बदलला, दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. चष्मेवाला म्हणाला, काका, शुगर बघा एकदा. त्याला माझं कार्ड दिलं. कार्ड वाचून ओशाळला.

पायाच्या अंगठ्याला नवे बूट लागले. वीस दिवस झाले, जखम भरत नाही. बूटच वाईट. चालणे थांबवलं.

६ मे

हॉस्पिटलात रक्त घेतात त्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत तीच ती खोली, तोच ट्रे, राखाडी टोप्यांची रांग. एक तंत्रज्ञ पोरगी, ट्यूब हातात आली की लगेच मशीनला लावत होती. एकीकडे रक्त काढणं, एकीकडे लावणं. अशी घाई मला आवडत नाही. घाईत नावं बदलतात.

घरी आलो. सांगितलं, त्यांचं मशीन बंद होतं. फाइलवालीने २७ मे दिली.

९ मे

आज वाईट झालं, लिहून ठेवतो.

नेहमीप्रमाणे रक्त दिलं, ट्यूब खिडकीत ठेवली. दहा मिनिटांत बाईंनी समोर चिठ्ठी ठेवली. एकशे एकोणनव्वद. मी म्हटलं, कोणाची ही. त्या म्हणाल्या, तुमची. काढताना दोन थेंब जास्त घेतले होते, राखाडीत घातले, लगेच लावले.

मी म्हटलं, बाई, मशीन बिघडलंय. त्या म्हणाल्या, कंट्रोल बरोबर आहे. मी म्हटलं, मग कंट्रोलची बाटली जुनी आहे. त्या म्हणाल्या, काल उघडली. मी म्हटलं, मग तुमचा हात चुकला. लॅब भरलेली होती, सगळे ऐकत होते.  बाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, सर, सॅम्पलवाला उशिरा आला की तुम्ही त्याचं सॅम्पल फेकता. तुमच्या ट्यूबचं मी काय करू ते सांगा. तुमच्या भावाचा प्रश्न आहे म्हणून बोलले, नाहीतर बोलले नसते.

त्यांना म्हटलं, तुम्ही दोन दिवस सुट्टी घ्या. त्या म्हणाल्या, सुट्टी नको, पण तुमचं रक्त मी यापुढे काढणार नाही.

अकरा वर्षं. माणसं ओळखता येत नाहीत.

१० मे

इंजिनिअरला बोलावलं. दोन तास मशीन उघडून बसला. चहा प्यायला, तीन बिस्किटं खाल्ली. (मी दोन.) म्हणाला, सर, असं मशीन मी दुसऱ्या कुठल्याच लॅबमध्ये बघितलेलं नाही. एक नंबर ठेवलंय बाईंनी.

इंजिनिअरही हल्ली शिकाऊच पाठवतात.

१३ मे

स्वतःच स्वतःचं रक्त काढलं. डाव्या हाताने, तिसऱ्या प्रयत्नात. एवढंसं आलं, तेही फेसाळलेलं. चार तासांनी लावलं. एकशे बेचाळीस.

चार तास कमी पडले असं मनात आलं. लगेच झटकून टाकलं. आधी पेशंट होते म्हणून चार तास लागले, दुसरं काही नाही.

२३ मे

धाकट्याला रात्रीतून दम लागला, पहाटे भरती केलं. फुप्फुसात पाणी. पाच कपांचे सहा झाले असतील, म्हणतो. ऑक्सिजनची नळी नाकात घालूनही शाळेतल्या पेपरांचा गठ्ठा उशाशी. सोळा पेपर राहिलेत म्हणाला.

त्याच्या बायकोने मला जिन्यात गाठलं. कधी वर मान करून बोलत नाही ती. म्हणाली, दादा, एक विचारू का. तुम्हाला भीती वाटत असेल तर सांगा, कोणी काही म्हणणार नाही. मी ताईंना फोन करते. मी म्हटलं, वेडी आहेस का. माझ्यावर भरवसा नाही का.

ती गप्प बसली.

२७ मे

आज जाणारच होतो. धाकटा भरती असताना मी कसा जाऊ. कोणीतरी त्याच्याजवळ हवं. (त्याची बायको होती. तरी.)

८ जून

हिने मला न विचारता फाइलवालीकडून तारीख आणली. परवाची. म्हणाली, मी बरोबर येते. मी म्हटलं, मी काय लहान आहे. ही म्हणाली, नाही, लहान असता तर कडेवर नेलं असतं.

आजपासून उपास. दोन दिवस फक्त काकडी आणि पाणी. दोन दिवसांत शुगर बऱ्यापैकी बसते. हे मला माहीत आहे म्हणून. आमच्याच धंद्यातलं ज्ञान, स्वतःसाठी का वापरू नये.

१० जून, सकाळी

हॉस्पिटल. ही शेजारच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर धरून. त्या पोरीने रक्त काढलं, राखाडी टोपी. ट्यूब हातातून मशीनकडे जाताना मी बघत होतो. तोंडात आलं होतं, थोडं थांबा, आधी बाकीच्यांचं होऊ दे. नाही बोललो.

मग तिने जांभळ्या टोपीची दुसरी ट्यूब घेतली. विचारलं, ही कशाला. ती म्हणाली, तीन महिन्यांच्या सरासरीची. ही टेस्ट माझ्या लॅबमध्ये होत नाही, आम्ही बाहेर पाठवतो. पण माहीत आहे. हिला काल काय खाल्लं ते कळत नाही. ही तीन महिने मागे जाऊन बघते. आणि ही ट्यूब सकाळपासून संध्याकाळपर्यंत खिडकीत ठेवली तरी आकडा हलत नाही.

ती म्हणाली, काका, घाम आलाय तुम्हाला, पाणी आणू का. काकडीमुळे असेल.

१८ जून

उपाशीपोटीची एकशे त्रेचाळीस. काकडीने एवढंच केलं.

तीन महिन्यांची सरासरी नऊ पूर्णांक चार. साडेसहाच्या वर मधुमेह म्हणतात.

डॉक्टरांनी फाइल बंद केली. म्हणाले, तुम्ही देऊ शकत नाही, तुमच्याच किडन्या आता आम्हाला सांभाळायच्या आहेत. मग त्यांनी माझा लेटरहेडवरचा रिपोर्ट उघडला. अठ्ठ्याण्णव. बराच वेळ बघितला. मला वाटलं काहीतरी विचारतील. नाही विचारलं. दोघेही एकाच धंद्यातले.

बाहेर ही म्हणाली, मधलीला फोन मी करू की तुम्ही. मी म्हटलं, तू कर.

१९ जून

मधली रात्रीच्याच बसने निघाली होती. सकाळी आली. या वेळी शिवणाची पिशवी नाही. माझ्याशी बोलली, फक्त कामापुरतं. पाणी दे, टॉवेल कुठे आहे, हॉस्पिटल किती वाजता उघडतं. चार दिवसांत तिच्या सगळ्या तपासण्या होतील. तिची शुगर एक्याऐंशी आली तर नवल नाही, ती चहाच पीत नाही.

औषध सुरू केलं. सकाळी एक, संध्याकाळी एक.

२६ जून

मधली सगळ्यात पास. डॉक्टर म्हणाले, उत्तम डोनर. मी म्हटलं, बघा, थोडा उशीर झाला पण गाडी रुळावर आली. जुलैमध्ये ऑपरेशन, दिवाणखान्यात धाकट्याचा पलंग लावू, तिथे ऊन येतं. टीव्ही तिकडे फिरवून घ्यायचा. सॅम्पलवाल्याच्या मेहुण्याकडून रंगही देऊन घेऊ. यादी केली.

२ जुलै

ऑपरेशनआधी धाकट्याच्या हृदयाची तपासणी झाली. फेब्रुवारीत केली होती तेव्हा चांगलं होतं. आता त्याची तीस टक्केच ताकद उरलीय.

डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. मे महिन्यातलं पाणी, वरखाली होणारं बीपी, इतके महिने डायलिसिस. या हृदयाला एवढी मोठी भूल आणि ऑपरेशन झेपणार नाही. सध्या नाही. सुधारलं तर बघू. सुधारतं का, मधलीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, कधी कधी. मग तिने विचारलं, मार्चमध्ये माझी किडनी घेतली असती तर. डॉक्टर म्हणाले, असं मागे जाऊन सांगता येत नाही.

सांगता येतं. मला कळलं, तिलाही कळलं.

मधली उठली, माझ्यासमोरून खिडकीपाशी गेली. पाठमोरीच म्हणाली, मी फाइल तयार ठेवू या म्हणत होते दादा. तेवढंच. सायकलसारखं काही बोलली असती तर बरं झालं असतं.

५ जुलै

मधली गेली. बसपर्यंत सोडायला येऊ का विचारलं, म्हणाली, नको, तुझा अंगठा दुखतो.

लॅबमध्ये गेलो. कंट्रोलबाई कंट्रोल लावत होत्या. म्हणाल्या, सर, भाऊ कसे आहेत. मी म्हटलं, आहे तसा. त्या म्हणाल्या, हं. पुढची बाटली उघडली. मी खुर्चीवर बसून बाही वर केली. त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. मग रक्त काढलं.

९ जुलै

आज धाकट्याला डायलिसिसला मी नेलं. आता सोमवार-बुधवार-शुक्रवार मीच नेणार, तेवढं माझ्याकडून होईल. टॅक्सीवाल्याची खुर्ची रिकामी होती. विचारलं नाही.

पहिला तास तो पेपर तपासत बसला. आता सही करतानाही हात थांबतो. मग पेन ठेवून म्हणाला, दादा, तुला कधी कळलं. मी म्हटलं, काय. म्हणाला, शुगर. मी म्हटलं, अठरा जूनला. रिपोर्ट आला तेव्हा. मलाही धक्काच बसला.

तो माझ्याकडे बघत राहिला. वीस वर्षं पोरांची उत्तरं तपासलेला माणूस. मग म्हणाला, बरं. मग म्हणाला, उशी जरा वर घे. घेतली. नंतर डोळे मिटून पडून राहिला. झोपला नव्हता.

ही डायरी कोणी वाचणार नाही, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर, रविवार. लॅब बंद होती, हिशोबाचे कागद आणायला गेलो होतो. सहज म्हणून काढलं. राखाडी ट्यूब, दहा मिनिटांत मशीनला. एकशे एकाहत्तर. पुन्हा लावून बघितलं, एकशे सत्तर. चिठ्ठी फाडली, ट्यूब धुतली. मशीनमध्ये काही बिघाड नव्हता.